हृदयपंपाची पारख

पंपाची गरज

निरोगी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरात ढकलते. वारंवार आलेले झटके, विषाणुसंसर्ग, आनुवंशिक दोष, बाळंतपणानंतर जडणारा स्नायुविकार अशा कारणांनी हृदयाचा स्नायू दुबळा झाला की हे काम हळूहळू अपुरे पडू लागते. औषधांचा उपयोग संपला की दोन मार्ग उरतात: दुसऱ्याचे हृदय किंवा यंत्र. पहिल्या मार्गाचा महाराष्ट्रातील इतिहास जुना आहे. केपटाऊनमधील जगातल्या पहिल्या हृदयरोपणानंतर अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूने हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. मुंबईत यशस्वी रोपण व्हायला त्यानंतर ऑगस्ट २०१५ उजाडला. मुलुंड येथे डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते केले आणि त्यासाठीचे हृदय पुण्याहून आणले गेले. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय साधारण चार तासांत नव्या शरीरात कामाला लागावे लागते. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, पण यादीत नाव असणे आणि जुळणारे हृदय वेळेत मिळणे यांत मोठे अंतर असते. यंत्राचा विचार सुरू होतो तो इथे.

पूर्ण हृदय की सहायक पंप

डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एका रुग्णाचे हृदय काढून तिथे 'जार्विक-७' हे संपूर्ण कृत्रिम हृदय बसवण्यात आले. तो रुग्ण ११२ दिवस जगला, पण बाहेरच्या अवजड हवादाब यंत्राला नळ्यांनी जोडलेला राहिला. बहुतेक रुग्णांत मात्र प्रामुख्याने डावे निलय, म्हणजे शरीरभर रक्त पाठवणारा खालचा डावा कप्पा, निकामी होत असते. त्यामुळे संपूर्ण हृदय बदलण्यापेक्षा त्या एका कप्प्याला मदत करणारा पंप अधिक व्यवहार्य ठरला. या पंपाचे तोंड डाव्या निलयाच्या टोकात बसवतात, आणि त्यातून निघणारी कापडी नळी महाधमनीला जोडतात. मूळचे हृदय जागेवरच राहते. दात्याचे हृदय मिळेपर्यंतचा आधार, कायमचा उपाय आणि क्वचित स्वतःच्या हृदयाला सावरायला दिलेला अवधी, असे त्याचे तीन उपयोग आहेत.

ठोके देणारे पंप

पहिल्या पिढीने हृदयाची नक्कल केली. 'हार्टमेट एक्सव्हीई' या पंपात एक पडदा मागेपुढे सरकत असे, झडपा उघडझाप करत आणि रक्त ठोक्याठोक्याने पुढे जाई. वजन किलोभराहून अधिक, त्यामुळे पंप पोटात बसवावा लागे. या पंपाची औषधोपचाराशी तुलना करणाऱ्या 'रीमॅच' चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर पंप बसवलेल्यांपैकी ५२ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के जिवंत होते. दोन वर्षांनी हेच आकडे २३ आणि ८ टक्के झाले. पंपाने जीव वाचतो हे सिद्ध झाले, आणि हा पंप टिकत नाही हेही त्याच चाचणीत दिसले. सतत हलणारा पडदा, झडपा आणि बेअरिंग झिजत होते.

अखंड प्रवाह

दुसऱ्या पिढीने ठोकाच सोडून दिला. सतत फिरणारा एक इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चाक. झडप नाही, पडदा नाही. 'हार्टमेट-२' या पंपाची तुलना थेट जुन्या एक्सव्हीईशी झाली आणि २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन वर्षांचे जगण्याचे प्रमाण ५८ विरुद्ध २४ टक्के निघाले. इतका फरक वैद्यकीय चाचण्यांत क्वचित दिसतो. या पंपांवरील अनेक रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, आणि नाडी नसलेले शरीर वर्षानुवर्षे चालते हे त्यातून कळले.

अक्षीय आणि अपकेंद्री

फिरणारे पंप दोन प्रकारचे. अक्षीय पंपात रक्त इम्पेलरच्या अक्षाच्या दिशेने सरळ पुढे जाते. हार्टमेट-२ असा होता आणि त्याचा इम्पेलर मिनिटाला ८ ते १० हजार फेरे घेई. अपकेंद्री पंपात रक्त मधून येते आणि परिघाकडे फेकले जाते. 'एचव्हीएडी' आणि 'हार्टमेट-३' या वर्गातले. त्यांचा वेग कमी असतो: एचव्हीएडीचा २४०० ते ३२०० आणि हार्टमेट-३ चा साधारण ५ ते ६ हजार. बीड-गेवराईकडे विहिरीवर मोटर बसवताना शेतकरी जे दोन प्रश्न विचारतो, हेड किती आणि पाणी किती, तेच इथेही लागू आहेत. हेड म्हणजे महाधमनीतला आणि निलयातला दाब यांतील फरक. अपकेंद्री पंपात हा फरक थोडा बदलला तरी प्रवाह बराच बदलतो. म्हणून रुग्णाचा रक्तदाब वाढला की तोच वेग असूनही रक्त कमी पुढे जाते. विहिरीचे पाणी खाली गेले की मोटर हवा धरते. निलयात पुरेसे रक्त नसले की पंप निलयाची भिंतच तोंडाशी ओढून घेतो आणि ठोक्यांची लय बिघडते. निलयात रक्त आणून देण्याचे काम हृदयाच्या उजव्या बाजूचे. तीच दुबळी असेल तर डावा पंप कितीही चांगला असला तरी उपाशी राहतो.

बेअरिंगचा प्रश्न

प्रवाहाच्या बाबतीत या तिन्ही पंपांत फारसे डावे-उजवे नाही. तिन्ही गरजेइतके रक्त ढकलतात. खरा फरक इम्पेलर कशावर टेकून फिरतो यात आहे. हार्टमेट-२ मध्ये तो दोन टोकांना माणकाच्या बेअरिंगवर टेकतो. हे बेअरिंग रक्तातच बुडालेले असते. घर्षणाने तिथे उष्णता निर्माण होते आणि गुठळीला बसायला जागा मिळते. एचव्हीएडीत यांत्रिक बेअरिंग नाही. चुंबक आणि रक्ताचा पातळ थर यांवर इम्पेलर तरंगतो. परंतु तो थर टिकवण्यासाठी इम्पेलर आणि कवच यांतील फट अगदी अरुंद ठेवावी लागते, आणि अरुंद फटीतून जाताना रक्तावर मोठा ताण येतो. हार्टमेट-३ मध्ये इम्पेलर पूर्णपणे चुंबकीय क्षेत्राने अधांतरी धरला जातो. संवेदक त्याची जागा सतत तपासतात आणि विद्युतचुंबक ती दुरुस्त करत राहतात. त्यामुळे फटी बऱ्याच रुंद ठेवता आल्या. शिवाय दर दोन सेकंदांनी पंप आपला वेग क्षणभर कमी करतो आणि लगेच वाढवतो, जेणेकरून कोपऱ्यात साचलेले रक्त धुऊन निघावे. अधांतरी इम्पेलरची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते: नियंत्रण अधिक गुंतागुंतीचे होते आणि संवेदक व विद्युतमंडल यांच्यावरचे अवलंबन वाढते.

रक्ताचे नुकसान

पंपातून जाताना रक्तावर येणारा ताण तीन प्रकारे दिसतो. लाल पेशी फुटतात. प्लेटलेट चेकाळतात आणि गुठळ्या होतात. तिसरा परिणाम सूक्ष्म आहे: रक्तस्राव थांबवण्यास मदत करणारे व्हॉन विलेब्रँड नावाचे लांबलचक प्रथिन ताणले जाऊन तुटते, आणि आतड्यांतून रक्तस्राव होऊ लागतो. एकाच रुग्णाला गुठळीचाही धोका आणि रक्तस्रावाचाही, अशी ही विचित्र स्थिती. प्रयोगशाळेत नव्या रचनेची पहिली परीक्षा पाणी-ग्लिसरीनच्या मिश्रणावर होते, कारण त्याचा दाटपणा रक्ताइतका ठेवता येतो. पुढे प्राण्याचे रक्त एका बंद चक्रात, मिनिटाला ५ लिटर प्रवाह आणि पाऱ्याचा १०० मिलिमीटर दाब ठेवून सहा तास फिरवतात, आणि किती हिमोग्लोबिन पेशींबाहेर पडले ते मोजतात. मग वासरे किंवा मेंढ्यांत रोपण. या पायऱ्या वाईट रचना गाळून टाकतात. चांगल्या दोन रचनांत निवड करायला त्या पुरत नाहीत. पेशी फुटण्याचा आकडा कमी असलेला पंपही माणसात गुठळ्या करू शकतो, कारण सहा तासांत जे दिसत नाही ते सहा महिन्यांत दिसते.

एकत्रित निकषाची फसगत

माणसांवरच्या चाचण्यांत बहुधा एक एकत्रित निकष ठरवतात: दोन वर्षांनी रुग्ण जिवंत असावा, त्याला अपंग करणारा पक्षाघात झालेला नसावा आणि पंप बदलण्याची वेळ आलेली नसावी. एचव्हीएडी आणि हार्टमेट-२ यांची तुलना करणाऱ्या 'एन्ड्युरन्स' चाचणीत ४४६ रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एकत्रित निकषावर एचव्हीएडी ५५.४ टक्के आणि हार्टमेट-२ ५९.१ टक्के. आखलेल्या मर्यादेत हा फरक बसत असल्याने नवा पंप 'जुन्याहून निकृष्ट नाही' ठरला. पण निकष फोडून पाहिला की चित्र पालटते. पक्षाघात एचव्हीएडी गटात २९.७ टक्के रुग्णांना, दुसऱ्या गटात १२.१ टक्क्यांना. उलट बिघाडामुळे पंप बदलणे किंवा काढणे एचव्हीएडीत ८.८ टक्के, हार्टमेट-२ मध्ये १६.२ टक्के. म्हणजे एका पंपाचा दोष मेंदूवर उमटत होता, तर दुसऱ्याचा पंपातच, आणि बेरजेत दोन्ही दोष एकमेकांना झाकत होते. पंप बदलता येतो, मेंदूचा मेलेला भाग बदलता येत नाही. दोन्हींना एकाच तराजूत समान वजन देणे हा निर्णय गणिताचा नाही, मूल्यांचा आहे, आणि निष्कर्षाच्या ओळीत तो दिसत नाही.

रक्तदाबाचे महत्त्व

एन्ड्युरन्समधील पक्षाघातांचा संबंध वाढलेल्या रक्तदाबाशी आढळला. म्हणून रक्तदाबावर कडक लक्ष ठेवून पुरवणी चाचणी घेण्यात आली. तरीही ठरवलेली मर्यादा एचव्हीएडीला गाठता आली नाही. त्यातून एक व्यावहारिक अडचण पुढे आली. नाडी नसलेल्या रुग्णाचा रक्तदाब साध्या यंत्राने आणि स्टेथोस्कोपने नीट लागत नाही. दंडाला पट्टा बांधून, कोपराच्या खोबणीत जेल लावून डॉपलरची कांडी धरावी लागते. पट्टा सैल होताना रक्ताचा सळसळता आवाज ज्या आकड्यावर परत येतो तो आकडा घ्यायचा. कौशल्य फार नाही, पण कांडी हाताशी हवी आणि नाडी न लागणारा माणूस जिवंत व शुद्धीत असू शकतो हे परिचारिकेला ठाऊक हवे.

मोमेंटम चाचणी

हार्टमेट-३ आणि हार्टमेट-२ यांची तुलना करणाऱ्या 'मोमेंटम-३' चाचणीत अमेरिकेतील १०२८ रुग्ण होते. २०१९ च्या अंतिम अहवालानुसार दोन वर्षांनी एकत्रित निकषात ७६.९ विरुद्ध ६४.८ टक्के रुग्ण बसले. पंप बदलावा लागण्याचे प्रमाण २.३ विरुद्ध ११.३ टक्के, पंपात गुठळी झाल्याचा संशय १.४ विरुद्ध १३.९ टक्के. पुढे पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ५८.४ विरुद्ध ४३.७ टक्के आले. इथे निकषाचे घटक एकाच दिशेने झुकतात, म्हणून निष्कर्ष भक्कम. एक गोष्ट मात्र सुधारली नाही. जंतुसंसर्गाच्या प्रमाणात दोन्ही पंपांत लक्षणीय फरक पडला नाही. कारण सरळ आहे: आतला इम्पेलर बदलला, पण पंपाला वीज पुरवणारी, पोटाच्या कातडीतून बाहेर येणारी केबल तशीच राहिली.

चाचणीनंतरचे आयुष्य

मंजुरी मिळाल्यावर मूल्यमापन थांबत नाही, किंबहुना काही दोष तेव्हाच उघड होतात. हार्टमेट-२ मध्ये पहिल्या तीन महिन्यांत गुठळी होण्याचे प्रमाण २.२ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर गेल्याचे २०१४ मध्ये तीन अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींतून दिसले. मूळ चाचणीत त्याचा मागमूस नव्हता. एचव्हीएडीची विक्री मेडट्रॉनिक कंपनीने जून २०२१ मध्ये थांबवली. मेंदूचे विकार व मृत्यू तुलनेने अधिक, आणि थांबलेला पंप पुन्हा सुरू होण्यास उशीर होण्याचा किंवा तो सुरूच न होण्याचा धोका, ही कारणे दिली गेली. त्या वेळी जगभरात सुमारे ४ हजार रुग्ण याच पंपावर जगत होते. हार्टमेट-३ सुद्धा निर्दोष नाही: रक्त बाहेर नेणाऱ्या नळीला पीळ पडण्याबद्दल २०१८ मध्ये आणि नळीबाहेर साचणाऱ्या पदार्थाने ती दाबली जाण्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारे दिले. मोठ्या पल्ल्याच्या नोंदवहीशिवाय यांतले काहीच कळले नसते.

शरीराबाहेरचा पंप

केबलच्या दुसऱ्या टोकाला कमरेवरचा नियंत्रक आणि दोन बॅटऱ्या असतात. हार्टमेट-३ ला साधारण ४ ते ५ वॉट वीज लागते, आणि पूर्ण भारलेल्या दोन बॅटऱ्या १७ तासांपर्यंत चालतात. बॅटरी बदलताना एक काढून तिथे भरलेली बसवायची आणि ती घट्ट बसल्याचा आवाज आल्यावरच दुसरीला हात लावायचा. दोन्ही एकदम निघाल्या तर नियंत्रकातील राखीव बॅटरी फक्त सुमारे पंधरा मिनिटे तारते. केबल जिथे बाहेर येते तिथली जखम कायम उघडी असते. निर्जंतुक हातमोजे, निर्जंतुक गॉज, रसायनाने आतून बाहेर पुसणे, वाळू देणे, आणि केबल ओढली जाऊ नये म्हणून पोटावर चिकटवणे, हा क्रम रुग्णाचा नातेवाईक वर्षानुवर्षे करतो. विहीर-तलावात पोहणे बंद. अंघोळ जलरोधक पिशवी बांधूनच. केबलला बसलेला एखादा हिसकाही संसर्गाची सुरुवात ठरू शकतो.

बीडच्या नजरेतून

चाचण्यांतील रुग्ण मोठ्या रुग्णालयांशी बांधलेले होते. बीडच्या रुग्णाचे तसे नाही. बीड शहरापासून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३०, पुणे २४० आणि मुंबई ४०० किलोमीटर. जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पंप कुठेही बसवला तरी ताप, जखमेतला पू किंवा अचानक चक्कर यांसाठी रुग्ण प्रथम अशाच जवळच्या ठिकाणी येणार. वीजपुरवठ्याची गोष्ट वेगळी. परळी औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात असले तरी शेतवस्तीवरचे घर बहुधा कृषी फीडरवर असते, आणि तिथे थ्री-फेज वीज पाळीने आठेक तास येते. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. बॅटरी भारण्याचे वेळापत्रक त्याभोवती बांधावे लागते. दुसरी मर्यादा उष्णतेची आहे. या बॅटऱ्या ४० अंश सेल्सिअसच्या वर वापरू नयेत अशी निर्मात्याची सूचना आहे, आणि मे महिन्यात बीडचे कमाल तापमान ती रेषा सर्रास ओलांडते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची घरे म्हणजे फडाजवळच्या कोप्या: वीज नाही, धूळ आणि उसाचे पाचट भरपूर. अशा कुटुंबातील रुग्णाच्या बाबतीत पंपाची निवड म्हणजे कुटुंबाचा हंगामही बदलणे.

रक्त पातळ ठेवण्याची तपासणी

अखंड प्रवाहाच्या प्रत्येक पंपासोबत वॉर्फरीन वर्गातील गोळ्या लागतात आणि त्यांचा परिणाम आयएनआर तपासणीने मोजतात. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ दरम्यान ठेवतात. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. मेथी, पालक, शेपू यांसारख्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते, त्यामुळे बाजारात भाजी स्वस्त झाली की आकडा हलू शकतो. हार्टमेट-३ च्या रुग्णांना सोबत ॲस्पिरिन देण्याची गरज नाही, उलट ते वगळल्याने रक्तस्राव कमी होतो, हे २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसले. पंपाची रचना सुधारल्याने एक गोळी कमी झाली, तपासणी राहिलीच.

खर्च

आयात केलेल्या पंपाची किंमत भारतात कोटीच्या घरात जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चाचण्यांतील टक्केवारी बहुसंख्य कुटुंबांसाठी निव्वळ माहिती उरते. किमतीत बदली बॅटऱ्या, ड्रेसिंगचे साहित्य आणि प्रवास धरलेला नसतो.

देशी रचना

१९९० मध्ये प्रथम रोपलेली तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेची कृत्रिम झडप हा भारतातील यशस्वी दाखला आहे. आयात झडपेच्या तुलनेत ती कितीतरी स्वस्त निघाली. त्याच वाटेने पंप घडवण्यासाठी आयआयटी कानपूरने २०२२ मध्ये 'हृदयंत्र' हा प्रकल्प सुरू केला. मात्र झडप एकदा बसवली की निमूट काम करते. पंपाला नियंत्रक, बॅटरी, सुटे भाग आणि अनेक वर्षांची दुरुस्ती सेवा लागते. बनवणारा मागे हटला तर काय होते ते एचव्हीएडीने दाखवले आहे.

केबलविना पंप

केबल नाहीशी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. २००१ मध्ये बसवलेल्या 'ॲबिओकोर' या संपूर्ण हृदयाला कातडीतून चुंबकीय प्रवर्तनाने वीज मिळत होती. २०१८ च्या अखेरीस कझाकस्तानात अस्ताना येथे दोन रुग्णांच्या सहायक पंपांना छातीभोवतीच्या पट्ट्यातून वीज पुरवण्यात आली. पट्टा काढल्यावर काही तास आतल्या बॅटरीवर काढता येतात, म्हणजे साधी अंघोळ शक्य होते. अडचणी दोन. वीज कातडीतून जाताना ऊब निर्माण होते आणि ऊती तापतात. आतली बॅटरी कधीतरी संपते आणि ती बदलायला शस्त्रक्रिया लागते. दुसरीकडे, जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टन येथे प्रथम बसवलेल्या 'बायव्हॅकॉर' या संपूर्ण कृत्रिम हृदयात एकच चुंबकीय तरंगता इम्पेलर दोन्ही बाजूंचे रक्त हाकतो. झडप नाही, झिजणारा भाग नाही. उजव्या बाजूचा प्रश्न त्याने सोडवला आहे. केबल त्यालाही पोटातूनच बाहेर येते.